कॅलगरीतील गवताचे वणवे: अंगणातील आग, शहराचे नियम आणि घराची तयारी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातील कॅलगरी शहरात वणव्याचा धोका भर उन्हाळ्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत, आणि पुन्हा ऑक्टोबरपासून पुरेसा बर्फ पडेपर्यंत, अधिक फसवा असतो, ही गोष्ट या शहरात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांनी सर्वांत आधी ध्यानात घ्यावी. बर्फ वितळून गेलेला असतो, हवेत गारवा असतो, अंगात जाकीट असते आणि त्यामुळे आगीचा विचारही मनाला शिवत नाही. परंतु त्याच दिवसांत नोज हिल या टेकडीवरच्या उद्यानाच्या उतारांवर, फिश क्रीक या ओढ्याच्या काठाने आणि महामार्गांच्या कडेला मागच्या वर्षीचे गवत मेलेले, पिवळे आणि पूर्ण वाळलेले उभे असते. नवे हिरवे गवत जोमाने वर यायला मे महिन्याचा उत्तरार्ध उजाडतो. तोपर्यंत या शहराच्या आत आणि भोवती जे काही पसरलेले असते, ते जळण असते.

अल्बर्टातील वणवा म्हटले की फोर्ट मॅकमरे आठवते. मे २०१६ मध्ये तेथील सुमारे ८८ हजार लोकांना घरे सोडावी लागली आणि जवळजवळ २,४०० इमारती जळाल्या. जुलै २०२४ मध्ये जॅस्पर गावाच्या १,११३ इमारतींपैकी ३५८ नष्ट झाल्या. ही दोन्ही ठिकाणे जंगलाने वेढलेली आहेत, त्यामुळे प्रेअरीवर, म्हणजे गवताळ मैदानी प्रदेशात, राहणाऱ्याला आपण त्यातून सुटलो असे वाटते. तसे नाही. जाड लाकूड वाळायला अनेक दिवस लागतात, पण गवताची काडी तासाभराच्या उन्हा-वाऱ्यात वाळते. सकाळी दवाने ओले असलेले रान दुपारी धडधडून पेटू शकते. गवताची आग एका जागी फार वेळ टिकत नाही, मात्र ती पळते, आणि चढावर तर फारच वेगाने पळते, कारण ज्वाळा वरच्या बाजूचे गवत आधीच तापवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. सह्याद्रीच्या माळांवर वणवा चढताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की कॅलगरीत त्या उताराच्या माथ्यावर घरांची रांग असते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरणारा चिनूक हा कोरडा, उबदार वारा भर हिवाळ्यात काही तासांत बर्फ नाहीसा करतो. लोकांना तो आवडतो आणि ते स्वाभाविकच आहे. पण बर्फ गेल्यावर खालचे गवतही तोच वारा सुकवतो आणि ठिणगी पडली तर तीही तोच वाहून नेतो. याच प्रकारचे डोंगरउतारावरचे वारे अमेरिकेतील कोलोरॅडोत ३० डिसेंबर २०२१ रोजी ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाने वाहत होते, तेव्हा बोल्डर काउंटीत लागलेली मार्शल फायर ही आग गवताळ मोकळ्या जागेतून थेट लुइव्हिल आणि सुपीरियर या उपनगरांत शिरली आणि एका दिवसात १,०८४ घरे गेली. दोन माणसे दगावली. दुसऱ्या दिवशी तेथे बर्फ पडला. तपासात दोन ठिकाणी आग सुरू झाल्याचे निष्पन्न झाले. त्यांतील एक ठिकाण म्हणजे एका घराच्या आवारात आठवडाभर आधी जाळून मातीखाली पुरलेल्या लाकडांचे निखारे. वाऱ्याने माती उडाली आणि ते पुन्हा उघडे पडले. कॅलगरीचा भूगोल त्या भागाशी इतका मिळताजुळता आहे की ही हकिकत येथल्या प्रत्येक घरमालकाने वाचावी असे मला मनापासून वाटते.

आग पेटवण्याआधी हवा पाहणे

कॅलगरीत अंगणात शेकोटी करायला सामान्य दिवसांत मुभा आहे, पण मुभा असणे आणि तो दिवस योग्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवामानाच्या अंदाजात तीन आकडे पाहावेत: तापमान, सापेक्ष आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग, त्यातही झोताचा वेग. कॅनडातील वणवा विझवणारे लोक क्रॉसओव्हर हा शब्द वापरतात. आर्द्रतेची टक्केवारी सेल्सिअस तापमानाच्या आकड्याच्या खाली गेली, म्हणजे समजा तापमान २६ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, की आग आवरणे कठीण होते. तापमान ३० च्या वर, आर्द्रता ३० च्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर, हा दुसरा ठोकताळाही प्रचलित आहे. मात्र हे दोन्ही आकडे पाळून वसंतात निश्चिंत राहू नये. वाळलेल्या गवताला ३० अंशांची गरज नसते. १५ अंशांच्या छान दुपारीही, आर्द्रता कमी आणि झोत जोरदार असला, तर ते पेट घेते. माझे स्पष्ट मत असे आहे की वाऱ्याने कुंपणाच्या पलीकडची झाडे हलत असतील तर बंदी असो वा नसो, त्या दिवशी लाकडाची आग लावूच नये. पाहुण्यांना बोलावले असेल तर गॅसच्या बार्बेक्यूवर भागवावे.

फायर पिटचे नियम

महानगरपालिकेच्या कम्युनिटी स्टँडर्ड्स बायलॉ या स्थानिक नियमावलीत फायर पिटची, म्हणजे अंगणातील शेकोटीच्या कुंडाची, मापे ठरवून दिलेली आहेत. पिटाच्या बाजू विटा, काँक्रीट किंवा जाड धातूच्या असाव्यात, तोंड १ मीटरपेक्षा रुंद नसावे आणि उंची ०.६ मीटरच्या आत असावी. वर जाळी हवी आणि तिची छिद्रे १.२५ सेंटिमीटरपेक्षा मोठी नसावीत. पिट न जळणाऱ्या सपाट पायावर, म्हणजे खडी, फरशी किंवा तत्सम पृष्ठभागावर असावा. घर, गॅरेज, लाकडी डेक (घराला जोडलेला उघडा ओटा), कुंपण अशा कोणत्याही जळणाऱ्या वस्तूपासून तो किमान २ मीटर दूर असला पाहिजे आणि डोक्यावर झाडाची फांदी नसावी. रात्री उशिरापासून सकाळी १० वाजेपर्यंत आग ठेवायला मनाई आहे. या नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून दर वर्षी पहिली शेकोटी करण्यापूर्वी शहराच्या संकेतस्थळावरचे त्या विषयाचे पान वाचून घ्यावे. काही अडल्यास ३११ या शहराच्या माहिती क्रमांकावर फोन करून विचारता येते.

नवीन उपनगरांत, जेथे दोन घरांमधील अंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच फूट असते, तेथे २ मीटरचा नियम पाळताना खरी पंचाईत होते. अंगण इतके अरुंद असते की एका कुंपणापासून २ मीटर मोजावे तर डेक जवळ येतो. अशा वेळी टेपने सर्व बाजूंनी मोजूनच जागा ठरवावी, आणि जागा निघत नसेल तर लाकडाचा पिट ठेवू नये. येथील घरांच्या बाहेरच्या भिंतींवर बहुधा व्हिनाइल साइडिंग, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे आवरण, असते. ते आचेने मऊ होऊन गळू लागते आणि खालचा लाकडी थर उघडा पडतो. शेजाऱ्याच्या भिंतीचे साइडिंग आपल्या आगीने वाकले, तर भरपाईचा प्रश्न तर उभा राहतोच, पण त्याआधी त्याच्या घरात झोपलेल्या मुलांचा प्रश्न असतो.

जाळायचे काय, याबाबत आपल्या सवयी येथे अडचणीच्या ठरतात. गावाकडे अंगण झाडून पाचोळ्याला काडी लावणे हे रोजचे काम असते, कोकणात राब भाजणे तर शेतीचाच भाग आहे. कॅलगरीत फायर पिटमध्ये फक्त स्वच्छ, कोरडे, रंग किंवा रसायन न लावलेले लाकूड जाळता येते. पालापाचोळा, कापलेले गवत, कचरा, प्लॅस्टिक, रबर, रंगवलेल्या फळ्या आणि प्रक्रिया केलेले लाकूड जाळणे निषिद्ध आहे. पाचोळ्याची जळती पाने हलकी असल्यामुळे वाऱ्यावर लांब जातात, आणि धूर शेजाऱ्याच्या खिडकीत जातो. पाने जैविक कचऱ्याच्या हिरव्या कार्टमध्ये टाकावीत. त्यांचे खत होते.

आग पेटलेली असताना एक प्रौढ माणूस सतत तिच्याजवळ असला पाहिजे. पाण्याचा नळीपाइप जोडलेला आणि चालू असावा. नळी अजून गॅरेजमध्ये गुंडाळून ठेवलेली असेल, जे एप्रिलमध्ये हमखास असते, तर भरलेल्या दोन बादल्या शेजारी ठेवाव्यात. विझवण्याचे काम घाईचे नव्हे. निखाऱ्यांवर पाणी हळूहळू ओतावे. आधी फस्स असा आवाज येईल आणि राखेची वाफ वर येईल. मग लोखंडी सळईने किंवा फावड्याने सगळे ढवळावे, अर्धवट जळालेले ओंडके उलटे करून त्यांची खालची बाजू भिजवावी, कडेच्या विटांना चिकटलेले निखारे खरवडून मध्ये आणावेत आणि पुन्हा पाणी ओतावे. आवाज पूर्ण थांबला आणि राखेचा चिखल झाला की हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब जाणवते का ते पाहावे. जरा जरी ऊब लागली तरी आग जिवंत आहे असे समजून सगळे पुन्हा करावे. वाळू किंवा माती टाकून वर झाकण घालणे म्हणजे विझवणे नव्हे. कोलोरॅडोतील निखारे पुरलेलेच होते. राख काढायची असल्यास ती झाकणाच्या धातूच्या डब्यात, घर आणि डेकपासून दूर, काही दिवस ठेवून मगच टाकावी.

अंगणातील कुंड्या आणि उदबत्ती

कॅलगरीचे अग्निशमन दल दर वर्षी ज्या एका साध्या गोष्टीबद्दल बजावत असते, ती म्हणजे कुंडीत विझवलेली सिगारेट. कुंड्यांत भरतात ती पिशवीतली माती खरी माती नसतेच. त्यात पीट मॉस (वाळवलेले, दलदलीतील शेवाळ), सालींचा चुरा आणि खत असते. पाणी घालायचे चुकले की हे मिश्रण कोरडे होऊन भुसभुशीत होते आणि त्यात खुपसलेले थोटूक तासन् तास आतल्या आत धुमसत राहते. बाहेरून काही दिसत नाही. पहाटे वारा सुटला की प्लॅस्टिकची कुंडी पेटते, तिच्यामागून साइडिंग आणि तेथून छताचा वळचणीचा भाग. घरातले सगळे तेव्हा झोपेत असतात.

आपल्या घरांत कोणी सिगारेट ओढत नसेल, परंतु उन्हाळ्यात डेकवर ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीत उदबत्ती खोचण्याची पद्धत अनेक घरांत आहे. येथील पीट मॉस असलेल्या कुंडीत ती खोचू नये. उदबत्ती आणि निरांजन धातूच्या किंवा दगडी ताटलीत, कुंडीपासून वेगळे ठेवावे आणि ते शांत झाल्यावरच आत जावे. हा सल्ला ऐकून घरातील वडीलधाऱ्यांना वाईट वाटू शकते, म्हणून त्यांना कारण नीट समजावून सांगावे. मातीतला फरक कळला की ते आनंदाने मानतात.

बंदीचे टप्पे आणि हद्दी

अल्बर्टात आगीबाबतच्या सूचनांचे टप्पे असतात. फायर ॲडव्हायझरी म्हणजे सावधगिरीचा इशारा; आग लावता येते, पण परिस्थिती बिघडते आहे. फायर रिस्ट्रिक्शनमध्ये काही प्रकारच्या आगींना मनाई होते. प्रांताच्या वनसंरक्षण क्षेत्रात याचा अर्थ बहुधा असा की अधिकृत कॅम्पग्राउंडच्या बाहेर सार्वजनिक जमिनीवर लाकडाची शेकोटी करता येत नाही. फायर बॅन म्हणजे लाकडाची प्रत्येक उघडी आग बंद, स्वतःच्या अंगणातीलसुद्धा. प्रोपेन किंवा नैसर्गिक वायूवर चालणारी, झटक्यात बंद करता येणारी उपकरणे सहसा चालतात, पण प्रत्येक आदेशाचा मजकूर वेगळा असू शकतो. म्हणून नुसते बॅन लागला एवढे ऐकून न थांबता तो मजकूर वाचावा.

बंदी फक्त दुष्काळातच येते असेही नाही. जून २०२४ मध्ये बेअर्सपॉ येथून येणारी मुख्य जलवाहिनी फुटली आणि शहराचे पाणी अपुरे झाले, तेव्हा कॅलगरीत फायर बॅन लावला गेला, कारण आग विझवायला लागणारे पाणी त्याच नळांतून येते. त्या वेळी झाडे हिरवी होती, आणि काहींना बंदी अनाठायी वाटली. ती योग्य होती.

सर्वाधिक गोंधळ हद्दींमुळे होतो. शनिवारी सकाळी कॅलगरीहून महामार्ग १ ने बॅन्फकडे निघालेली गाडी रॉकी व्ह्यू काउंटी, स्टोनी नाकोडा या आदिवासी समाजाची भूमी, कॅननॅस्किसच्या बाजूचा प्रांताचा वनप्रदेश आणि शेवटी केंद्र सरकारच्या अखत्यारीतील राष्ट्रीय उद्यान असा प्रवास करते, आणि यांपैकी प्रत्येकाचा आगीचा नियम स्वतंत्र असतो. शहरात बंदी नाही म्हणून पिकनिकच्या जागी कोळसा पेटवला, असे करून चालत नाही. अल्बर्टा फायर बॅन्स या सरकारी संकेतस्थळावर नकाशा असतो. निघण्याच्या दिवशी सकाळी तो पाहावा, आदल्या आठवड्यात पाहिलेला नव्हे. बॅन्फसाठी पार्क्स कॅनडा या राष्ट्रीय उद्याने सांभाळणाऱ्या केंद्रीय संस्थेची सूचना वेगळी पाहावी लागते. वनसंरक्षण क्षेत्रात वणव्याचा हंगाम १ मार्च ते ३१ ऑक्टोबर धरला जातो आणि त्या काळात साधी शेकोटी वगळता काहीही जाळायला परवाना लागतो. बंदी मोडणाऱ्याला दंड तर होतोच, शिवाय वणवा लागल्यास तो विझवण्याचा खर्चही त्याच्याकडून वसूल होऊ शकतो.

शहराबाहेर गाडी उंच वाळलेल्या गवतात उभी करू नये. एक्झॉस्टचा भाग अतिशय तापलेला असतो आणि गवत थेट त्याला टेकते. ट्रेलर ओढत असाल तर साखळ्या रस्त्याला घासत नाहीत ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. त्यांच्या ठिणग्या रस्त्याकडेच्या गवतात पडतात.

दिवाळी आणि होळी

दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते, म्हणजे नेमकी गवत वाळलेले असण्याच्या आणि बर्फ न पडलेल्या काळात. होळी मार्चमध्ये येते, तेव्हाही तीच स्थिती असू शकते. कॅलगरीत परवान्याशिवाय शोभेची दारू विकणे, बाळगणे किंवा उडवणे बेकायदा आहे, आणि आवाजाचे फटाके, मग ती लवंगी असो की सुतळी बॉम्ब, सर्वसामान्य लोकांसाठी संपूर्ण कॅनडातच बंद आहेत. दुसऱ्या गावातून आणून शहरात उडवले तरी तो गुन्हाच. जळती मेणबत्ती घेऊन आकाशात जाणारे कागदी कंदील तर कधीच सोडू नयेत. ते कोठे उतरतील हे सोडणाऱ्याच्या हातात नसते. आपला घरात टांगायचा, विजेच्या दिव्याचा आकाशकंदील मात्र निर्धोक आहे.

होळी पेटवायची असेल तर मंडळाने अग्निशमन दलाकडे वेळेवर विचारणा करून, काय करता येईल आणि कोठे, हे लेखी स्वरूपात घ्यावे. मोठी होळी शक्य नसेल तर नियमात बसणाऱ्या छोट्या पिटमध्ये प्रतीकात्मक होळी करावी. नैवेद्य आणि बोंबा यांत त्यामुळे काही कमी पडत नाही.

घराभोवतीचा दीड मीटर

वणव्यात बहुतेक घरे आगीच्या भिंतीने पेटत नाहीत. पुढे उडत येणाऱ्या निखाऱ्यांनी पेटतात. म्हणून कॅनडातील फायरस्मार्ट हा उपक्रम घराभोवतीच्या जागेचे तीन पट्टे मानतो: भिंतीपासून १.५ मीटरपर्यंत, तेथून भिंतीपासून १० मीटरपर्यंत आणि पुढे ३० मीटरपर्यंत. शहरी अंगणात बाहेरचा पट्टा बहुधा शेजाऱ्याच्या हद्दीत जातो, त्यामुळे पहिल्या दीड मीटरवर सगळा जोर द्यावा. तेथे जळण्यासारखे काहीही नको. सालींच्या आच्छादनाऐवजी खडी पसरावी, भिंतीला लागून लावलेले ज्युनिपर आणि सीडर काढावेत, डेकच्या खाली साठलेली पाने आणि जुने खोके बाहेर काढावेत. सदाहरित झुडपांत तेलकट राळ असते आणि ज्युनिपरच्या आत वाळक्या काड्यांचा गठ्ठा साचलेला असतो. बाहेरून हिरवेगार दिसणारे हे झुडूप निखारा पडताच भडकते. पन्हाळीतील पाने वर्षातून दोनदा काढावीत. छताखालच्या झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी बसवावी. लाकडांचा ढीग शक्य असेल तर १० मीटर दूर, निदान भिंतीला टेकून तरी नको. गवत १० सेंटिमीटरपेक्षा उंच वाढू देऊ नये आणि झाडांच्या खालच्या फांद्या जमिनीपासून २ मीटरपर्यंत छाटाव्यात.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना झुडपे काढता येत नाहीत, पण घरमालकाला लेखी विनंती करता येते. डेकखालची पाने तर स्वतःच झाडता येतात.

निघण्याची तयारी

अल्बर्टा इमर्जन्सी अलर्ट हे ॲप घरातील प्रत्येक फोनवर असावे. भारतातून आलेल्या आईवडिलांच्या फोनवरसुद्धा. इव्हॅक्युएशन अलर्ट म्हणजे थोड्या वेळात निघायची तयारी ठेवा आणि इव्हॅक्युएशन ऑर्डर म्हणजे लगेच निघा, हा फरक त्यांना मराठीत समजावून ठेवावा. गवताच्या आगीत पहिला टप्पा येईलच असे नाही.

एका पिशवीत पासपोर्ट, पीआर (कॅनडाच्या कायम रहिवासाचे) किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिकाचे) कार्ड, विवाह आणि जन्माचे दाखले, विम्याची कागदपत्रे, औषधे आणि त्यांची प्रिस्क्रिप्शन एकत्र ठेवावीत. आईवडिलांचा प्रवासी आरोग्य विमा त्यातच असावा. तीन दिवस पुरेल इतके पाणी आणि कोरडा खाऊ वेगळा ठेवावा, आणि वाऱ्याच्या दिवसांत गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये. भाडेकरूंनी विमा नक्की काढावा, आणि घर सोडावे लागल्यास राहण्या-जेवण्याचा खर्च त्यात मिळतो का, हे पॉलिसीत पाहावे.

शहरात गवत पेटलेले दिसले तर ९११, आणि शहराबाहेर जंगलात धूर दिसला तर ३१०-३४७३ हा प्रांताचा क्रमांक लावावा. दुसऱ्या कोणी आधीच कळवले असेल असे गृहीत धरू नये. जवळच्या चौकाचे किंवा पायवाटेच्या प्रवेशद्वाराचे नाव, धूर कोणत्या दिशेला जातो आहे आणि पुढे घरे आहेत का, एवढे सांगितले की गाड्यांना वाट सापडते. फोन झाल्यावर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, आधीच जळून गेलेल्या किंवा गवत नसलेल्या जागेकडे सरकावे, उताराच्या वरच्या अंगाला कधीही थांबू नये, आणि अग्निशमन दलाच्या गाड्यांसाठी रस्ता मोकळा ठेवावा.